रूपाचा अधिकार कोणाचा?

मजकूर एक आणि त्याचें रूप दुसरें, हा भेद आमच्या पिढीस पोथीमुळें चांगला ठाऊक आहे. श्लोक तोच, परंतु अक्षर बारीक, शाई फिकी आणि ओळी दाट असल्या म्हणजे साठी उलटलेल्या वाचकास तो असून नसल्यासारखा होतो. विकिपीडिया या ज्ञानकोशासही हेंच लागू आहे. तेथील मजकूर कोणीही सुधारूं शकतो, हें पुष्कळांस माहीत आहे. पण त्याचें रूप कोण ठरवितो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

अक्षरांचा आकार, रंग, समास, तक्त्यांच्या रेषा यांचे नियम ज्या पानावर लिहितात त्यास स्टाइलशीट म्हणतात. ते सीएसएस नांवाच्या सांकेतिक भाषेंत लिहितात. तिची पहिली प्रमाण आवृत्ति १९९६ सालीं निघाली. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तींत अशीं पानें मुख्यतः तीन प्रकारचीं असतात. पहिलें सर्व स्थळाचें. त्यांतील एक ओळ बदलली तर सर्वत्र फरक पडतो. दुसरें साच्याचें, तो साचा ज्या लेखांत घातला असेल तेथेंच, आणि तेंही लेखाच्या मजकुरापुरतेंच, तें चालतें. तिसरें सदस्याचें स्वतःचें. त्याचा परिणाम त्याच्या एकट्याच्याच दृष्टीस पडतो.

या नियमांत परस्परविरोध आला तर? येथें संस्कृत शिकलेल्यास ओळखीची वाट भेटते. पाणिनीच्या व्याकरणांत विशेष नियम सामान्य नियमास बाधतो, आणि तुल्यबल नियमांत जो मागाहून सांगितला तो बलवान ठरतो. सीएसएसचा व्यवहार बराचसा असाच आहे. सदस्याचे नियम स्थळाच्या नियमांनंतर वाचले जात असल्यामुळें तुल्यबळांत त्यांचीच सरशी होते. मात्र एखाद्या नियमास ‘महत्त्वाचा’ अशी खूण केली कीं हा क्रम मोडतो. वाचकानें आपल्या ब्राउझरांत ठेवलेल्या नियमासही ही खूण करतां येते. १९९६ च्या आवृत्तींत अशा दोन खुणांच्या झगड्यांत पानाच्या कर्त्याचा शब्द वरचढ होता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीनें तो वाचकाकडे दिला, कारण मोठें अक्षर किंवा वेगळा रंग ही कित्येकांची हौस नसून गरज असते.

मग सर्वांस सर्व पानें मोकळीं कां ठेवूं नयेत? कारण रूप नेहमींच निरुपद्रवी नसतें. एका नियमानें परिच्छेद अदृश्य करतां येतो, किंवा इशाऱ्यावर दुसरेंच कांहीं आणून तो झांकतां येतो; मजकुराचें अक्षरही न बदलतां वाचकास फसवितां येतें. म्हणून २०१८ सालीं विकिपीडियावर सर्व स्थळाचें पान सामान्य प्रचालकांच्या हातून काढून ‘इंटरफेस प्रशासक’ नांवाच्या निवडक मंडळींकडे सोंपविलें. जेथें संकेतशब्द लिहावयाचा तें प्रवेशाचें पान आणि पसंतीचें पान, यांवर तर सदस्याचे नियम चालत नाहींत, आणि चालकानें मुद्दाम परवानगी दिल्यावांचून स्थळाचेही चालत नाहींत. तोरणें दिवाणखान्यांत हवीं तेवढीं लावावीं. तिजोरीच्या कुलपावर लावूं नयेत.

या व्यवस्थेंतील तत्त्व आम्हांस मोलाचें वाटतें. ज्या नियमाची पोंच मोठी तो थोड्या हातांत. ज्याची पोंच लहान तो पुष्कळांच्या हातांत. आणि ज्याचा परिणाम आपल्यापुरता, तेथें प्रत्येक जण स्वतंत्र. एकत्र कुटुंबांत दिंडीदरवाजा केव्हां लावावा हें वडिलांनीं सांगावें. पण सुनेच्या फडताळाची मांडणी सुनेनेंच ठरवावी. सर्वांसाठीं नियम लिहिणाऱ्यांस मात्र आमची एक विनंती आहे. ‘महत्त्वाचा’ ही खूण त्यांनीं जपून वापरावी. त्यांच्या हट्टापायीं मंद दृष्टीच्या वाचकानें मोठें करून घेतलेलें अक्षर पुन्हां लहान होतें.

आमच्या समवयस्क वाचकांनीं या गोष्टीस भिऊं नये. सदस्य म्हणून नोंद करावी आणि आपल्या नांवाखालील सीएसएसच्या पानावर अक्षर मोठें करण्याचा एक नियम नातवाकडून लिहवून घ्यावा. कांहीं बिघडलेंच तर पानाच्या पत्त्यास ‘सेफमोड’ची जोड द्यावी, स्थळाची व आपली सजावट बाजूस राहून मूळ पान दिसूं लागतें, आणि चुकीचा नियम सावकाश दुरुस्त करतां येतो. एवढ्या खटपटीनें दुसऱ्या कोणाच्या पानास तिळमात्र धक्का लागत नाहीं, आणि आपलें वाचन मात्र सुखाचें होतें.