सरहद्द कोणाची?

छत्रपती संभाजीनगरचा कामगार आखातात गेला की, येथे वर्गणी भरलेला मराठी चित्रपट तेथे त्याच्या पडद्यावर उघडेलच असे नाही. प्रदर्शनाचे हक्क देशवार विकलेले असतात. निजामी अमलात बाहेरच्या अनेक वृत्तपत्रांना मराठवाड्यात प्रवेशबंदी होती. ती फर्मानाची होती, ही करारनाम्याची आहे. भांडवल सरहद्दी लीलया ओलांडते. श्रमिकाची भाषा मात्र नाक्यावर अडते.

हा निसर्गनियम नव्हे. युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून, दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरत्या मुक्कामी असलेल्या वर्गणीदाराला स्वदेशीच्या वर्गणीवरच कार्यक्रम पाहण्याचा हक्क दिला. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कलाकृतीला असे कुलूप नसावे, ही अट अनुदानाला जोडलीच पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी.