विद्याशाखेआधी स्वभावाचा शोध

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील घणसोली हे स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाते. आगरी-कोळी समाजाच्या या गावात दोन-तीन पिढ्यांपूर्वी ‘पुढे काय करणार?’ असे मुलाला कोणी विचारीत नसे. भातशेती आणि खाडीतील मासेमारी यांनी त्याचे उत्तर जन्मतःच दिलेले असे. पुढे औद्योगिक वसाहत आली, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी संपादित झाल्या. जमिनीबरोबर ते तयार उत्तरही गेले.

त्यानंतरच्या पिढीने कारखान्यातील नोकरी धरली, ठेकेदारी केली. साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावर इमारती उभ्या राहिल्या आणि भाडे येऊ लागले. याच घणसोलीच्या नव्या वसाहतींत घाटावरून आलेल्या माथाडी कामगारांची कुटुंबे राहतात. बापाने बाजारात पाठीवर ओझे वाहिले. मुलाने संगणकासमोर बसावे, ही त्याची इच्छा न्याय्यच आहे. एकाची जमीन गेली, दुसऱ्याने ती मागे सोडली. परंतु दोन्ही घरांतील मुले महाविद्यालयाच्या दाराशी येतात, तेव्हा निर्णय करतात ते गुणांची टक्केवारी, मित्रांची निवड आणि शेजारच्या मुलाचा पगार. भाड्याचे उत्पन्न असलेल्या घरात तर निवडीची निकडच भासत नाही. नावापुढे पदवी असली की झाले! मी कोणते काम न कंटाळता करतो, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला ‘स्वधर्म’ असे नाव आहे. स्वधर्म म्हणजे केवळ वडिलोपार्जित धंदा नव्हे. आपला स्वभाव आणि समाजाची गरज जिथे एकत्र येतात, ते कर्तव्य म्हणजे स्वधर्म. डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांनी याच प्रश्नावर दीर्घकाळ खल केला. टिळकांनी गणितात पदवी घेतली, नंतर कायद्याचा अभ्यास केला. सरकारी नोकरीचा मार्ग दोघांनाही मोकळा होता. तरीही त्यांनी शिक्षणकार्य पत्करले. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, त्याच्या मुळाशी हे आत्मपरीक्षण होते.

शासनानेही या दिशेने पाऊल टाकले होते. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली. उपक्रम चांगला होता. पण कल समजणे वेगळे आणि तो कष्टाने पारखून घेणे वेगळे. गाण्याची आवड असणारा प्रत्येक जण रोजच्या रियाजाला तयार असतोच असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर इतर विषय निवडण्याची आणि मध्येच थांबून पुन्हा शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली आहे. वाटा वाढल्या, हे स्वागतार्हच. परंतु ज्याला स्वतःची ओळख नाही, तो अधिक वाटांवर अधिक भटकणार.

मग करावे काय? प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीची सुटी विद्यार्थ्याने याच कामी लावावी. ज्या विषयाचे आकर्षण वाटते, त्याचे पहिल्या वर्षाचे पुस्तक मिळवून वाचावे. त्या क्षेत्रातील दोघा-तिघांना प्रत्यक्ष भेटावे. पगाराबरोबरच त्यांचा दिवस कसा जातो, तेही विचारावे. महिनाभर एखाद्या कार्यशाळेत, दुकानात किंवा सेवावस्तीतील अभ्यासिकेत काम करावे. आपण कुठे रमतो आणि कुठे घड्याळाकडे पाहतो, हे रोज वहीत नोंदवावे. पालकांनी ती वही वाचण्याचा आग्रह धरू नये. मुलगा किंवा मुलगी बोलू लागली तर मात्र मध्ये न तोडता ऐकावे.

यात कार्यकर्त्यांचाही वाटा आहे. कोण चार जणांना सहज जोडतो, कोण एकाग्रतेने हिशेब लिहितो, कोणाच्या हातात कला आहे, हे शाखेच्या मुख्यशिक्षकाला रोजच्या सहवासातून दिसत असते. पुष्कळदा आईवडिलांनाही ते दिसत नाही. हे निरीक्षण त्या घरी जाऊन मोकळेपणाने सांगणे, हेही संघटनेचेच काम आहे. ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी मानसशास्त्रीय कसोट्यांची जोड देऊन हे कार्य वर्षानुवर्षे केले आहे.

घणसोलीच्या आजोबांना जमिनीने ओळख दिली होती. नातवंडांना ती स्वतः शोधावी लागणार आहे. चुकीच्या शाखेत गेलेली तीन-चार वर्षे ही त्या तरुणाची हानी आहेच. पण मनापासून काम करणारा एक शिक्षक, एक कारागीर किंवा एक संशोधक राष्ट्रही गमावत असते. म्हणूनच यंदा दहावी-बारावीच्या निकालाचा पेढा हाती घेताना ‘किती टक्के?’ याच्या पाठोपाठ ‘तुला काय करावेसे वाटते?’ हेही आपण विचारू या आणि उत्तरासाठी थांबू या.