नागिन नावाची थाप

तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्या रायगड जिल्ह्यातलं, त्यामुळे २०२० च्या ‘तान्हाजी’ चित्रपटावरचा माझा राग घरचा आहे. त्यात मोगलांचा किल्लेदार उदयभान ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ कोंढाणा किल्ल्यावर चढवतो, तिथून राजगड उडवायला! दोन्ही गडांत सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर अंतर. त्या काळातली कुठली तोफ एवढा पल्ला गाठत होती? कोंढाणा शिवाजी महाराजांना १६६५ च्या तहात मोगलांना द्यावा लागला होता, तो परत हवा होता. तानाजींनी जीव द्यायला हे कारण कमी पडलं म्हणून ही थाप रचली?

दिग्दर्शकांनी एकदा जंजिऱ्यावर यावं, तिथल्या कलालबांगडी तोफेच्या तोंडात डोकावावं. नळी आतून गुळगुळीत, गोळ्याला फिरकी देणारे आटे नाहीत. गोळा सैल बसतो, वायू बाजूने निसटतो, नेम भरकटतो. तोड्याच्या बंदुकीचंही तेच. शंभर पावलांपलीकडचा एकटा माणूस टिपणं नशिबावर. शिवाय जामगी, म्हणजे वात, पेटती ठेवायची, दारू ओतायची, गजाने ठासायची आणि पावसापासून सगळं जपायचं. पडद्यावर मात्र बंदूक उचलली की माणूस पडतो. सभासद बखरीप्रमाणे पुरंदरावर मराठ्यांच्या मुरारबाजींना मोगल सरदार दिलेरखानाने तीर मारून पाडलं. तोफखाना बाळगणाऱ्या सरदाराने नेमक्या माणसासाठी धनुष्य उचललं, यातच त्या काळच्या बंदुकीची लायकी कळते.

‘सिनेमा आहे, सोडून द्या,’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. शिवकालीन समजून लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलंय. तो कारखाना १७९१ चा. महाराजांना जाऊन तेव्हा १११ वर्षं झाली होती! अक्षरं समोर असून कुणी वाचत नाही, कारण पडद्याने डोळ्यांना तीच सवय लावली आहे.

हत्यार खोटं दाखवलं की पराक्रमाचं कारणच नाहीसं होतं. बंदूक लांबून माणूस टिपत नव्हती, म्हणून तर तानाजींना कडा चढून तलवारीच्या टप्प्यात जावं लागलं.

आणि हत्यारांच्या खऱ्या मर्यादा दाखवणाऱ्या, थळसमोरच्या खांदेरी बेटाच्या लढाईवर चित्रपट का निघत नाही? १६७९ मध्ये बेटाला वेढा घालणाऱ्या इंग्रजांची जड तोफांची जहाजं वाऱ्याची वाट बघत राहिली आणि मराठा आरमाराच्या मायनाक भंडारी, दौलतखान यांच्या वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून रात्री बेटावर रसद पोचवत राहिल्या. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढ्याचा नाद सोडला. बेट मराठ्यांकडेच राहिलं.