रांगेचा न्याय आणि आजच्या प्रयोगाचे तिकीट

ब्रॉडवेवरच्या नाटकाचे स्वस्त तिकीट प्रयोगाच्याच दिवशी मिळवायच्या मुख्य वाटा चार. टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला, डफी स्क्वेअरमध्ये, ‘टीकेटीएस’ची खिडकी १९७३ पासून आहे. थिएटर डेव्हलपमेंट फंड ही ना-नफा संस्था ती चालवते. न खपलेली तिकिटे तिथे निम्म्या किमतीपर्यंत उतरवून, वर थोडे सेवाशुल्क लावून विकली जातात. दुसरी वाट ‘रश’ची: सकाळी नाट्यगृहाची खिडकी उघडली की रांगेतल्या पहिल्या काही जणांना ठरावीक, बऱ्याच उतरलेल्या दरात तिकीट मिळते. तिसरी सोडतीची. चौथी वाट प्रयोग हाऊसफुल्ल झाला तरच खुली होते, ती प्रेक्षागृहात मागे उभ्याने नाटक पाहण्याची. निर्मात्याचा यातला हिशेब उघड आहे. पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीचे मोल संपते, आणि पुढच्या रांगांत नाटकासाठी आसुसलेले लोक बसले की प्रयोगही रंगतो. पण या योजना केवळ हिशेब म्हणून मांडल्या जात नाहीत. ज्यांना एरवी ब्रॉडवे परवडत नाही त्यांच्यासाठी हे दार उघडे ठेवले आहे, असे सांगितले जाते. म्हणूनच त्या दारातून नेमके कोण आत जाते, हे विचारावे लागते.

या प्रश्नावर नाट्यरसिकांच्या एका गटाचे उत्तर ठरलेले असते, आणि अलीकडे एका जाणकाराने ते पुन्हा मोठ्या ठसक्यात दिले आहे. रांग हीच खरी लोकशाही, असे हे मत. रांगेत बँकर आणि विद्यार्थी एकाच पदपथावर उभे असतात, तिथे वशिला चालत नाही. ज्याला नाटकाची आस आहे तो पहाटे उठतो, थंडीत कुडकुडतो आणि तिकीट मिळवतो. सोडत मात्र आंधळी. नाटककाराचे नावही माहीत नसलेला माणूस मोबाइलवर बोट टेकवतो आणि पहिल्या रांगेत जाऊन बसतो. तेव्हा सोडती बंद करा आणि रांगा परत आणा. भूमिका एवढीच. ती ऐकायला भारदस्त वाटते, पण ती ज्या पायावर उभी आहे तो पायाच खोटा आहे.

रांग तळमळ मोजते, हे गृहीतकच चूक आहे. रांग मोजते ती माणसाच्या हाती असलेली सवड, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात सवडीइतकी असमान वाटलेली गोष्ट दुसरी नसेल. ब्राँक्समध्ये राहणारी, दुकानात ताशी मजुरीवर काम करणारी एखादी तरुणी घ्या. रशच्या तिकिटाची किंमत साधारण ४० डॉलर. खिडकी दहाला उघडणार, पण नाटक गाजत असेल तर सहाच्या आत पोचल्याशिवाय आशा नाही. म्हणजे सकाळचे चार तास गेले. २०२५ मध्ये शहरातले किमान वेतन ताशी साडेसोळा डॉलर होते. चार तासांचे ६६ डॉलर बुडाले. प्रयोग रात्रीचा, त्यामुळे घरी परत जाऊन पुन्हा यायचे. सबवेचे भाडे तेव्हा दोन डॉलर नव्वद सेंट होते, असे चार प्रवास. सगळे जमेस धरले तर ४० डॉलरचे तिकीट तिला ११७ डॉलरच्या पुढे पडले. ब्रॉडवेच्या तिकिटाची सरासरी किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास आहे. सवलत गेली कुठे? ती रांगेतच विरली. शिवाय पाळी चुकवली म्हणून मुकादमाचे बोलणे खावे लागते ते वेगळे, आणि चार तास उभे राहूनही तिच्या पुढच्या माणसापाशी तिकिटे संपू शकतात. सुट्टीवर आलेल्या किंवा तास चुकवता येणाऱ्या माणसाला हीच पहाट फुकट पडते. दोघांची तळमळ सारखी असली तरी रांग एकाकडून काहीच घेत नाही आणि दुसरीकडून दिवसाची कमाई घेते.

ब्रॉडवेचा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. ‘रेंट’ हे संगीत नाटक एप्रिल १९९६ मध्ये नेडरलँडर थिएटरमध्ये आले. ईस्ट व्हिलेजमधल्या कफल्लक कलावंतांची ही गोष्ट. लेखक-संगीतकार जोनाथन लार्सन ब्रॉडवेपूर्व पहिल्या जाहीर प्रयोगाच्या दिवशी पहाटे वारला. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना ती पाहता यावी म्हणून निर्मात्यांनी पहिल्या दोन रांगा २० डॉलरला, त्याच दिवशी, खिडकीवर विकायला काढल्या. हेतूत खोट नव्हती. पण पाहता पाहता लोक आदल्या रात्रीपासून पदपथावर पथारी टाकू लागले. आज रात्रीची पाळी करून उद्या सकाळी कामावर जाणाऱ्याला त्या पथारीत जागा कुठून मिळणार? पदपथावर रात्र काढणे हे एकट्या मुलीला आणि चार मित्रांच्या टोळक्याला सारखेच सुरक्षित असते, असे कोण म्हणेल? अखेर ही रांग मोडून तिथे सोडत आणावी लागली. रांग परत आणा म्हणणाऱ्यांनी ती गेली कशामुळे, हे आधी वाचावे.

इथे एक जुना वाद आठवतो. स्वस्त तिकिटे सुरू केली की पूर्ण किमतीचा ग्राहक खिडकीकडे पाठ फिरवेल आणि धंदा बसेल, अशी भीती सवलतीच्या प्रत्येक योजनेच्या जन्मवेळी घातली गेली. टीकेटीएसची खिडकी पन्नास वर्षे चालली आणि तिच्या भोवतालची नाट्यगृहेही चालली. त्याच वादाची दुसरी बाजू अधिक विषारी होती: स्वस्तात आलेल्या प्रेक्षकाला नाटकाची कदर नसते. आज रांगेचे समर्थक ‘लायक’ प्रेक्षकाची जी भाषा बोलतात ती याच वादातून उचललेली आहे. तेव्हा कसोटी पैशाची होती, आता कष्टांची. नाटककाराचे नाव माहीत असणे ही नाट्यगृहात शिरण्याची अट कधीही असू नये. पहिल्यांदा नाटकाला येणाऱ्याला ते नाव माहीत नसणारच, आणि ही दारे त्याच्यासाठीच उघडायची आहेत.

रांगेत वशिला चालत नाही, हेही खरे नाही. पैसा चालतो. सेंट्रल पार्कमधल्या डेलाकोर्ट थिएटरात १९६२ पासून शेक्सपिअरची नाटके फुकट दाखवली जातात. तिथेही माणसे भाड्याने रांगेत उभी राहू लागली आणि फुकटच्या तिकिटासाठी सव्वाशे डॉलरपर्यंत मागू लागली. २०१० मध्ये राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांना अशा जाहिरातींविरुद्ध पाऊल उचलावे लागले. बँकर आणि विद्यार्थी एकाच पदपथावर उभे असल्याचे चित्र इथे फाटते. बँकर घरी झोपलेला असतो आणि त्याच्या जागी विद्यार्थी उभा असतो.

राहिले म्हातारे, आजारी आणि चाकाच्या खुर्चीवरचे लोक. त्यांच्याविषयी रांगेच्या समर्थकांनी एक ओळही लिहिलेली नाही. तान्ही मुले असलेल्यांविषयीही नाही.

सोडतीवरचे आक्षेप मात्र सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. ‘हॅमिल्टन’ हे संगीत नाटक २०१५ च्या उन्हाळ्यात ब्रॉडवेवर आले तेव्हा पहिल्या रांगेतल्या २१ खुर्च्या १० डॉलरला सोडतीत असत. रिचर्ड रॉजर्स थिएटरसमोर ४६ व्या रस्त्यावर एवढी गर्दी लोटे की वाहतूक अडे. जानेवारी २०१६ मध्ये ही सोडत ऑनलाइन नेली तेव्हा पहिल्याच दिवशी ५० हजारांहून अधिक अर्ज आले आणि संकेतस्थळ कोलमडले. एका खुर्चीमागे दोन हजारांहून अधिक माणसे. ही सोडत न्याय्य होती. प्रत्येक अर्जाला सारखीच संधी होती. पण तिने प्रवेश कोणाला दिला? जवळजवळ कोणालाच नाही. न्याय आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रांग विरुद्ध सोडत या भांडणात दुसरी साफ विसरली जाते. त्याच वर्षी त्या नाटकाच्या सर्वांत महाग तिकिटाची किंमत ८४९ डॉलरवर नेली गेली. ब्रॉडवे लीग या निर्माते आणि नाट्यगृहमालकांच्या संघटनेच्याच पाहणीनुसार अलीकडच्या हंगामांत प्रेक्षकांचे सरासरी कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर आहे. वीस-एकवीस खुर्च्यांच्या सोडतीने हे चित्र बदलत नाही.

तरीही दोहोंत निवडायचे तर सोडतच निवडावी लागते, कारण ती गरिबाकडून दिवसाची मजुरी मागत नाही. तिच्यातले दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. जिंकलेल्याला कार्डाने पैसे भरायला बहुधा तासाभराचीच मुदत मिळते. कामावर असताना फोन कपाटात ठेवावा लागणाऱ्याची संधी त्यात हुकते. ही मुदत वाढवावी, सोडत आदल्या दिवशी काढावी, आणि कार्ड नसलेल्याला खिडकीवर रोख भरू द्यावे. तिकीट जिंकलेल्याच्याच नावावर, ओळखपत्र पाहून द्यावे.

प्रवेशाचा प्रश्न मात्र त्याच दिवशीच्या तिकिटाने सुटणारा नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००३ मध्ये एका प्रायोजकाच्या मदतीने ऑलिव्हिए प्रेक्षागृहातल्या बहुसंख्य खुर्च्या १० पौंडांना, आगाऊ विकायला काढल्या. तिथे पहाटे उठायचे नव्हते आणि नशीबही अजमावायचे नव्हते. डेलाकोर्टची काही तिकिटे शहराच्या पाचही विभागांत नेऊन वाटली जातात. त्यामुळे ब्राँक्स किंवा क्वीन्सच्या माणसाला तिकिटासाठी मॅनहॅटन गाठावे लागत नाही. सरकारी किंवा धनिकांच्या आश्रयाशिवाय चालणाऱ्या ब्रॉडवेला हे जसेच्या तसे जमणार नाही, हा युक्तिवाद मान्य. पण दर प्रयोगाच्या काही खुर्च्या महिनाभर आधी, ठरलेल्या कमी दरात विकणे जमण्यासारखे आहे. खुर्च्या शेवटी तेवढ्याच असतात, बदलतो तो त्या विकण्याचा दिवस.

रांगेला जागा उरते ती टीकेटीएससारख्या खिडकीपाशी. तिथे उरलेला माल विकला जातो आणि सवलत घेऊनही तिकीट महागच असते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून लोकल पकडून आई-वडिलांना ब्रॉडवे दाखवायला आणणारे मराठी कुटुंब त्या रांगेत तासभर उभे राहिले, तर कोणाच्या हक्कावर गदा येत नाही. रश आणि सोडतीच्या खुर्च्यांचे मात्र तसे नाही, कारण त्या गरजूंच्या नावाने राखलेल्या असतात. त्या बहुधा पहिल्या रांगेत किंवा कडेला असतात आणि तिथे चाकाची खुर्ची जात नाही. अपंगांसाठीच्या आसनांची विक्री इतर आसनांच्याच वेळी आणि त्याच मार्गांनी झाली पाहिजे, असे अमेरिकेचे संघीय नियम सांगतात. तेव्हा ज्या दिवशी सवलतीची तिकिटे निघतील त्या दिवशी चाकाच्या खुर्चीची आणि सोबत्याची जागाही त्याच दरात त्या योजनेत असली पाहिजे. त्यासाठी वेगळा फोन करायला लावणे बंद झाले पाहिजे.