दुसऱ्या लग्नाआधीचा चहा

मराठी मालिकांबद्दल या स्तंभात मी तक्रारी करत असते, पण एका गोष्टीचं श्रेय त्यांना मनापासून द्यायला हवं. मुलाबाळांच्या आईचं दुसरं लग्न त्यांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी, घरातल्या तीन पिढ्या समोर बसलेल्या असताना लावून दाखवलं. 2019 मध्ये 'अग्गंबाई सासूबाई' आली आणि निवेदिता सराफ यांच्या विधवा आसावरीचं लग्न शेफ अभिजित राजेंशी लावायला तिची सूनच कंबर कसून उभी राहिली. त्याच वर्षाच्या शेवटी 'आई कुठे काय करते' सुरू झाली. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर अरुंधतीनं घटस्फोट घेतला, गाणं हाती घेतलं आणि पुढे आशुतोष केळकरशी लग्नही केलं. 2021 मध्ये 'माझी तुझी रेशीमगाठ'मधली नेहा कामत आली. नवऱ्यानं वाऱ्यावर सोडलेली, लहानग्या परीला एकटीनं वाढवणारी. या तिघींमुळे पुष्कळ घरांत न बोलला जाणारा विषय बोलला गेला, आणि ते काम लहान नाही.

तरीही मला एक गोष्ट टोचत राहते. या तिघींपैकी एकीनंही कोणाला शोधलेलं नाही.

आठवून पाहा. पुरुष स्वतःहून येतो, आधी तोच प्रेमात पडतो आणि न कंटाळता थांबतो. तो जवळजवळ निर्दोष असतो, तिच्या मुलांसकट सगळं स्वीकारायला पहिल्या दिवसापासून तयार असतो. ती मात्र नाही म्हणते. मुलांसाठी नाही, लोकांसाठी नाही, घराण्यासाठी नाही. महिनोन् महिने नाही म्हणून झाल्यावर घरातले चार शहाणे तिची समजूत काढतात आणि मग हळद, मेंदी, संगीत. तिच्या सोसण्याची भरपाई म्हणून सुख तिच्या पदरात पडतं. 'मला कोणीतरी हवं आहे' असं स्वतःशी म्हणून, आरशात बघून, मुलाला आईकडे सोडून एका अनोळखी माणसाबरोबर चहाला निघालेली बाई या मालिकांच्या शेकडो भागांत मला कधी दिसली नाही.

अरुंधतीच्या बाबतीत तर त्याहून वाईट झालं. पुढे कथेत आशुतोषचा अपघातात मृत्यू दाखवला. इतक्या वर्षांनी मिळालेला जोडीदार काढून घेतला आणि बाई पुन्हा सहनशीलतेच्या जुन्या जागेवर आली. नटाची तारीख, कथेची गरज, कारणं असतीलही. पण ते भाग बघताना मला खरोखर वाईट वाटलं, कारण पडद्याबाहेरच्या कितीतरी अरुंधतींना त्यातून एकच निरोप जाणार होता: फार सुखाची हाव धरू नकोस.

याचं एक कारण मालिकेच्या घडणीतच आहे. आठवड्याला सहा-सहा भाग लिहायचे तर रोज रात्री काहीतरी अधांतरी लोंबकळत ठेवावं लागतं, आणि त्या कामाला दुःख फार सोयीचं. विनोदी मालिकेचं तंत्र वेगळं. आठवड्यातून एक-दोनदा यायचं, एका भागात एक फजिती सुरू करून तिथंच संपवायची, आणि पुढच्या भागात माणसं पुन्हा ताजी. म्हणजे चूक केली तरी आयुष्य कोसळत नाही, ही समजूत त्या घडणीतच आहे. घटस्फोटित आईला आपण रडक्या मालिकेत जागा दिली, हसऱ्या मालिकेत दिली नाही, हा फरक म्हणूनच मला मोठा वाटतो.

अमेरिकेलाही हे एका दिवसात जमलं नव्हतं. 1970 मध्ये 'द मेरी टायलर मूर शो' सुरू होताना लेखकांना नायिका घटस्फोटित हवी होती. वाहिनीनं नकार दिला आणि तिला नुसती प्रेमसंबंध तुटलेली केलं. पाच वर्षांनी, 1975 मध्ये, नॉर्मन लिअर यांनी 'वन डे ॲट अ टाइम' आणली. त्यात दोन मुलींना घेऊन वेगळी झालेली आई थेट मध्यभागी होती. मूळ कल्पना व्हिटनी ब्लेक या अभिनेत्रीची आणि तिच्या नवऱ्याची. एकटीनं मुलं वाढवण्याचा अनुभव व्हिटनीचा स्वतःचा होता. ती मालिका 1984 पर्यंत चालली. पुढे 2006 मध्ये 'द न्यू ॲडव्हेंचर्स ऑफ ओल्ड क्रिस्टिन' आली. तिच्यातली क्रिस्टिन धांदरट आहे, चुकीच्या माणसांवर भाळते, माजी नवऱ्याशी तिची छान मैत्री आहे, आणि त्याच्या नव्या मैत्रिणीचं नावही क्रिस्टिनच. ज्युलिया लुई-ड्रायफसला त्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. क्रिस्टिन कोणाचा आदर्श नाही. आई म्हणून मुलावर जीव टाकते आणि बाई म्हणून चुकते. दोन्ही एकाच अंगणात घडतं आणि प्रेक्षक तिच्यावर रागावत नाहीत.

आपल्याकडे हे चालणार नाही, असं मला कोणी सांगतं तेव्हा मी कोल्हापूरकडे बोट दाखवते. 1938 साली याच शहरातल्या हंस पिक्चर्सनं 'ब्रह्मचारी' काढला. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक आचार्य अत्रे. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या औदुंबरच्या मागे त्या चित्रपटातली किशोरी हसत-खेळत लागते, आणि मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर येतात. गहजब झाला आणि चित्रपटही धो धो चालला. बाईला पुरुष आवडतो, ती ते दाखवते आणि त्याचं रूपांतर शोकांतिकेत होत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनी थिएटरात बसून पाहिलेलं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी प्रभातचा 'कुंकू' आला होता. प्रभात कंपनीही मूळची कोल्हापूरचीच, 1929 साली इथं सुरू झालेली. 'कुंकू'च्या वेळी ती पुण्यात होती. त्यातल्या नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावलं जातं, आणि तिला मोकळं करायला काकासाहेबांना जीव द्यावा लागतो. दुसरा रस्ता कथेला नव्हता, कारण मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा यायला 1947 उजाडलं.

कोल्हापूर संस्थानात मात्र तो रस्ता आधीच होता. शाहू महाराजांनी 1917 मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, आणि दोनच वर्षांनी आंतरजातीय विवाह, बायकांचा छळ आणि काडीमोड यांबद्दलचे कायदेही केले. काडीमोड आणि पाट बहुजन जातींत जुनेच होते. पण पाटाचं लग्न बहुधा रात्रीच्या अंधारात उरकायचं, दुसरेपणाचा डाग बाईनं जन्मभर वागवायचा. महाराजांनी त्या रीतीला कागद, शिक्का आणि उजेड दिला. स्वतःच्या घरातही तसंच. 1918 मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव शिकारीत दगावले तेव्हा सूनबाई इंदुमतीदेवी कोवळ्या वयाच्या होत्या. विरोध पत्करून महाराजांनी त्यांना शिकवलं. आणि अलीकडचं सांगायचं तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तेच सांगितलं. ज्या जिल्ह्यात हे घडतं, तिथला प्रेक्षक मागासलेला आहे हे मी मान्य करणार नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते, मोडलेल्या लग्नानंतर बाईनं दुसरं लग्न करणं आपण आता स्वीकारायला लागलो आहोत, तिनं निवड करणं अजून नाही. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'घटस्फोटित चालेल' असं लिहिणारे पुरुष पुढे 'विनापत्य' हा शब्द जोडतात. मूल असलेल्या बाईनं आलेलं पहिलं स्थळ देवाचा प्रसाद मानून घ्यावं, ही सगळ्यांची अपेक्षा. तिनं दोघातिघांना भेटून 'नको वाटलं' म्हटलं तर माहेरचेच म्हणतात, 'आता तुला निवडायची हौस आहे व्हय?' आणि भेटायचं तरी कुठं? रंकाळ्यावर संध्याकाळी बसलं तर तासाभरात राजारामपुरीत बातमी पोचते. पुरुषाला हे शहर विसरून जातं, बाईची नोंद ठेवतं.

कायदाही नोंद ठेवतो, हे फार कमी जणींना आधी माहीत असतं. हिंदू विवाह कायद्याच्या 25व्या कलमात कायमच्या पोटगीची तरतूद आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार पोटगी घेणाऱ्या व्यक्तीनं पुन्हा लग्न केलं, किंवा ती पत्नी असून शीलानं राहिली नाही, तर न्यायालय पोटगीचा हुकूम बदलू शकतं, रद्दही करू शकतं. पोटगी घेणारा नवरा असेल तर परस्त्रीसंबंधाची अट त्यालाही आहे. पण पोटगी मागायची वेळ बहुतेकदा कोणावर येते, हे कोणत्याही कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात तासभर थांबलं तरी दिसतं. ज्या माणसाशी नातं कागदोपत्री संपलं, त्याला तिच्या संध्याकाळींचा जाब विचारायची वाट 1955 पासून अशी उघडी राहिली आहे. त्यात मुलाच्या ताब्याचा अर्ज पडून असेल तर एक फोटो, एक मेसेज, एक दुचाकीवरची फेरी यांची धास्ती वेगळी. 'निकाल लागेपर्यंत जपून राहा' हा सल्ला तिच्या भल्याचाच असतो. निकाल लागायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं तिच्या तिशीची किंवा चाळिशीची असतात.

अशा बाईला पडद्यावर आणखी एक पुण्यवान नायिका दाखवून तिची धास्ती कमी होणार नाही. तिला हवी आहे स्वतःसारखी कोणी, जी घाबरते आणि तरीही जाते. म्हणून मला ती मालिका विनोदी हवी आहे, आणि ती कोल्हापुरात घडायला हवी. 'तुझ्यात जीव रंगला'साठी चित्रीकरणाचा सगळा लवाजमा वसगड्याच्या वाड्यात येऊ शकला, तर तो एखाद्या दोन खोल्यांच्या घरातही मावेल. नायिका गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत हिशेब बघणारी. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. माजी नवरा खलनायक नको. दर रविवारी मुलाला न्यायला येणारा, थोडा वेंधळा, थोडा चांगला. तिची आई, जिला मनातून मुलीचं पुन्हा सगळं नीट व्हावं असं वाटतं आणि ते तोंडानं म्हणवत नाही. शेजारीण, जी बातमी पसरवते आणि वेळ पडल्यावर पोराला सांभाळतेही, कारण इथल्या शेजारणी खरोखर अशाच असतात.

आणि अडचणी तिच्या चारित्र्याच्या नकोत, या मातीच्या हव्यात. मुलगा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर समर्थक, शाहू स्टेडियमवरचा एक सामना न चुकवणारा. जो माणूस तिला पहिल्यांदा आवडतो तो निघतो समोरच्या संघाचा, दिलबहारचा. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसून ओरडतायत. असा भाग लिहायला कोल्हापुरात माणसांची वाण नाही. देवल क्लबपासून केशवराव भोसले नाट्यगृहापर्यंत नाटकात वाढलेली पोरं-पोरी आज मुंबईत दुसऱ्यांच्या रडक्या मालिकांचे संवाद लिहीत आहेत.

तिसऱ्या-चौथ्या भागात तो दिलबहारवाला तिला सोडावा लागला तरी माझी हरकत नाही. हॉटेलातल्या पोराशी तो तुसडेपणानं बोलला, तिला ते आवडलं नाही, तिनं आपल्या चहाचे पैसे दिले आणि रिक्षा करून घरी आली. आईनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, जमलं नाही. पार्श्वसंगीत नाही, देवीसमोर अश्रू नाहीत. मुलाच्या शाळेचा डबा सकाळी भरायचा आहे, आणि पुढच्या आठवड्यात वहिनीच्या ऑफिसातल्या कोणाला तरी भेटायचं तिनं कबूल केलं आहे.