किनारा राखायचा तर किनाऱ्यावरचा माणूस राखा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठवीच्या मुलांना एक साधा गृहपाठ दिला होता. घरच्या आजी-आजोबांना विचारून आपल्या वाड्याचा जुना नकाशा काढायचा आणि त्याच्या शेजारी आजचा. सुट्टी संपल्यावर कागदांचा गठ्ठा टेबलावर जमा झाला. कोणी देऊळ रंगवले होते, कोणी खुरीस, कोणी माडांची रांग. चित्रकला यथातथाच होती. पण नकाशे तपासताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. किनाऱ्यालगतच्या वाड्यांतील मुलांच्या जुन्या नकाशांत समुद्राकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ होत्या, नव्या नकाशांत त्या कमी झाल्या होत्या. एका मुलाने आजीच्या सांगण्यावरून पाच वाटा काढल्या होत्या. आजच्या नकाशात दोनच उरल्या होत्या आणि बाकी तीन ठिकाणी त्याने काळ्या पेन्सिलीने कुंपण काढले होते. विचारले तर म्हणाला, "सर, तिथून आता कोणाला जायला देत नाहीत."

त्या तीन कुंपणांविषयी पालकांशी आणि माजी विद्यार्थ्यांशी दोन शब्द बोलावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगतो, आम्ही पर्यटनाच्या विरोधात नाही. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ही आमच्या पेडणे तालुक्याची किनारपट्टी एकेकाळी किती आडबाजूला होती, हे जुन्या पिढीला आठवत असेल. शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी शापोरा नदी ओलांडायला फेरीबोटीची वाट पाहावी लागे. घरातला मुलगा जरा मोठा झाला की मुंबईला नाहीतर बोटीवर जाई आणि म्हातारी माणसे मनिऑर्डरकडे डोळे लावून बसत. पर्यटन आले तेव्हा यांतील काही मुले गावातच राहिली. कोणी दोन खोल्या भाड्याने दिल्या, कोणी टॅक्सी घेतली, कोणी शॅक घातला. आमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला सढळ हाताने देणगी देणाऱ्यांत अशा माजी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

प्रश्न आहे तो प्रमाणाचा, आणि त्याहूनही मालकीचा.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. २०२४ साली गोव्यात आलेल्या पर्यटकांची संख्या १ कोटीच्या वर गेली. म्हणजे घरच्या एका माणसामागे वर्षाला सातएक पाहुणे झाले. गोव्याचा किनारा सुमारे १०५ किलोमीटर असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचत आलो. त्यातही वाळूच्या पुळणी थोड्या, आणि बहुतेक पाहुण्यांना जायचे असते ते त्या पुळणींवरच. ११ डिसेंबर २०२२ रोजी आमच्या तालुक्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय धरून तो बांधलेला आहे. फेरीबोटीची वाट पाहणारा तालुका एका पिढीत विमानाच्या दारात येऊन बसला. इतक्या वेगाने काही बदलते तेव्हा कोणाचे काय गेले, हे विचारायलाही कोणाला सवड राहत नाही. म्हणून आम्ही ते मुलांना विचारायला लावले.

बाहेरून येणाऱ्याला पुळण म्हणजे रिकामी जागा वाटते. रापणकाराला ती तशी वाटत नाही. रापण कशी ओढतात हे किनाऱ्यावरच्या मुलांना सांगायला नको, पण आमच्याकडे डोंगराकडच्या गावांतूनही मुले येतात, म्हणून थोडक्यात सांगतो. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकत नेतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते हळूहळू ओढून घेतात. त्यासाठी लांबरुंद, मोकळी पुळण लागते. होडी वर ओढून ठेवायला जागा लागते, जाळी वाळवायला आणि दुरुस्त करायला जागा लागते, सुकी मासळी घालायला जागा लागते. या जागांचा सात-बारा बहुधा कोणाच्याच नावावर नसतो. त्या वापरात असतात, एवढाच त्यांचा पुरावा. तिथे एकदा खाटा आणि छत्र्या लागल्या, वरच्या बाजूला कुंपण पडले, की कोणाची जमीन न बळकावताही रापणकाराचे शेत गेलेले असते. आणि गेले हे दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो.

वाळूच्या टेकड्यांचेही तसेच. त्या सपाट केल्या की समुद्र "दिसू" लागतो आणि जागेला भाव येतो. पण ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची शिल्लक आहे. वादळात समुद्र तिथली वाळू ओढून नेतो, आणि पुढे लाटा व वारा ती हळूहळू परत आणून टाकतात. टेकडीवर पसरलेली मर्यादवेल ही वाळू धरून ठेवते. टेकड्यांमागच्या विहिरींना गोडे पाणी लागते, तेही वाळूत मुरलेल्या पावसाचे. त्या विहिरींतून रात्रंदिवस पंप चालवला, तर खालचे खारे पाणी वर यायला वेळ लागत नाही.

कासवांविषयी तर आमच्या मुलांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. मोरजीच्या टेंबावर ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते. दीडदोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्राच्या बाजूला असतो. मागे दिव्यांचा लखलखाट असेल तर पिल्ले हॉटेलाकडे चालू लागतात. या घरट्यांवर वन खात्याच्या बरोबरीने रात्ररात्र पहारा केला तो इथल्याच गावकऱ्यांनी. गावात माणूसच राहिला नाही, तर उद्या पहारा कोण करील?

कायदा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. फेब्रुवारी १९९१ मध्ये सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत तर गोव्यासाठी वेगळा परिच्छेदच होता. मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद या पुळणी कासवांच्या विणीच्या म्हणून त्यात नावानिशी आल्या. वाळूच्या टेकड्यांवर कोणतेही काम नको, असे त्यात म्हटले होते. मच्छीमार गावे अधिसूचित करावीत आणि होड्या बांधणे, जाळी दुरुस्त करणे अशा कामांना तिथे मुभा असावी, असेही होते. म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही होडी आठवली होती! २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. याचा फायदा आपले जुने घर दुरुस्त करू पाहणाऱ्याला होतो तसाच नवे हॉटेल बांधणाऱ्यालाही होतो. दोघांपैकी कोणाची फाईल आधी पुढे सरकेल, हे पालकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

कागदावरचा कायदा माणसे जागी असली तरच जागा राहतो, हे गोव्याने एकदा अनुभवले आहे. १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला लागून मासळी ओढू लागले, तेव्हा रापणकार एकत्र आले, रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचे तत्त्व मान्य झाले. त्या लढ्याचे एक नेते माथानी साल्ढाणा पेशाने शिक्षक होते. पुढे मार्च २०१२ मध्ये ते राज्याचे पर्यटनमंत्री झाले, पण त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. रापणकारांच्या बाजूने आयुष्यभर उभा राहिलेला माणूस पर्यटन खात्यात काय करू शकला असता, हे आपल्याला पाहायला मिळाले नाही.

मग दुसरा मार्ग कोणता? एक उदाहरण फार लांबचे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या लहानशा गावात सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि पैसे त्या घरात देऊन जातात. वेळासचे सगळेच गोव्यात जसेच्या तसे आणता येणार नाही. ते काही आठवड्यांचे पर्यटन आहे, आपले आठ महिन्यांचे. पण पाहुणा गावाच्या घरात राहिला तर घराला कुंपण घालावे लागत नाही, एवढा धडा तरी घेता येतो.

या विषयावर पालक सभेत बोललो तेव्हा एका पालकांनी आम्हाला सरळ विचारले, "मासळी मिळत नाही, जाळे ओढायला माणूस मिळत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी जमीन विकली तर तुमचे काय बिघडले? तुम्हाला महिन्याला पगार येतो." त्यांचे म्हणणे आम्हाला खोडून काढता आले नाही, आणि आजही येत नाही. गाव राखण्याचा सगळा भार ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याच डोक्यावर ठेवणे हा न्याय नव्हे. त्यांना आम्ही एवढेच म्हणालो, की भाड्याने दिलेली खोली दरवर्षी पैसे देते, विकलेली जागा एकदाच देते. आणि जागा विकायचीच झाली, तरी तिच्या कडेने जाणारी वाट आपली एकट्याची नसते. ती सगळ्या वाड्याची असते. ती विक्रीत जाऊ नये, हे पाहणे वाड्याचे आणि पंचायतीचे काम आहे.

आता शाळेचा स्वार्थही लपवून ठेवत नाही. वाडा रिकामा झाला की वर्गातला बाक रिकामा होतो. आमच्या भागातील प्राथमिक शाळांचे पट कसे रोडावत आहेत, हे सर्वांना माहीत आहे. आणि बाकाबरोबर आणखीही काही जाते. भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना डोंगराकडची मुले व्याख्या पाठ करतात. मागच्या वर्षी रापणकाराच्या मुलाने उठून सांगितले, की पहाटे आजोबांची होडी मतलईवरच बाहेर जाते आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येते. मग वर्गाला तो धडा पुन्हा समजवावा लागला नाही. घरी कोकणी बोलणारी आणि शाळेत मराठी लिहिणारी ही मुले समुद्राचे ज्ञान दोन्ही भाषांत घेऊन येतात. त्यांच्या घराचा समुद्राशी असलेला रोजचा संबंध तुटला, की पुस्तकात उरेल ती फक्त व्याख्या.

म्हणून पालकांना आमची तीन मागणी आहेत. ग्रामसभेला जा, आणि होड्यांच्या जागा व समुद्राकडच्या वाटा पंचायतीच्या दप्तरी नकाशासह नोंदवून घेण्याचा ठराव मांडा. ज्यांची खोल्या किंवा शॅक यांची मिळकत आहे, त्यांनी कासवांच्या दिवसांत समुद्राकडचे दिवे रात्री मालवावेत आणि टेकडीवरची मर्यादवेल उपटू नये. आणि सरकारदरबारी ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी नव्या हॉटेलाला "रोजगार किती" हे विचारतानाच "पाणी कुठले आणि वाट कोणाची" हेही विचारावे. यात अशक्य काही नाही. पाहुणा आला तर त्याला आपण ओसरीवर बसवतो, पाणी देतो, जेवायला वाढतो. पण स्वयंपाकघरातून घरच्या माणसाला बाहेर काढून कोणी पाहुणचार करत नाही.

आठवीच्या मुलांचे नकाशे यंदाच्या स्नेहसंमेलनात शाळेच्या सभागृहात लावणार आहोत. पंचायतीच्या सदस्यांनाही आमंत्रण दिले आहे. पालकांनी येताना घरच्या आजी-आजोबांना अवश्य आणावे. बऱ्याच वाटांना जुनी नावे होती आणि ती मुलांना ठाऊक नाहीत. प्रत्येक नकाशाखाली पेन्सिल ठेवलेली असेल. ज्यांना नावे आठवतील त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहावीत, म्हणजे ठरावाच्या कागदाला तेच नकाशे जोडता येतील.