स्टिअरिंग जरा संथ असलेलं बरं

नाताळच्या सुट्टीत मावसभावाच्या गाडीतून आम्ही बेळगावहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडी साधी हॅचबॅक, पण दादाने तिला ‘स्पोर्ट्स’ करायचं मनावर घेतलंय. मूळचं स्टिअरिंग काढून लहान व्यासाचं बसवलंय, टायर रुंद केलेत. गावातल्या बोळांत मनगट हललं की गाडी वळते, याचं त्याला भारी कौतुक. हायवेवर मात्र तो सारखा बारीक बारीक दुरुस्त्या करत होता. निपाणीच्या अलीकडे डावीकडच्या ट्रकने अचानक लेन बदलली. दादाने स्टिअरिंग झटकलं. गाडी उजवीकडे डिव्हायडरकडे गेली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. कुणाला काही झालं नाही. मागच्या सीटवर मावशीने क्रूसाची खूण केली आणि कोल्हापूर येईपर्यंत ती गप्पच राहिली. दादा म्हणाला, “बघितलंस, कसली शार्प गाडी आहे!”

माझं म्हणणं एवढंच, की हायवेवर असा शार्पपणा हा गुण नव्हे.

हिशोब सोपा आहे. ताशी 40 किलोमीटरने ज्या वळणावरून गाडी जाते, त्याच वळणावर ताशी 120 ने गेलं तर वेग तिप्पट होतो, पण बाजूला ओढणारा जोर नऊपट होतो. म्हणजे गावात जी मनगटाची हालचाल गोड वाटते, तीच हायवेवर धक्का ठरते. शिवाय 120 च्या वेगात एका सेकंदात गाडी 33 मीटर पुढे जाते. गाडी एका बाजूला गेली हे कळून आपण स्टिअरिंग उलटं फिरवेपर्यंत ती बरीच पुढे गेलेली असते. मग आपली दुरुस्ती उशिरा पोचते आणि पुढचा हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ शकतो. निपाणीला आमचं नेमकं हेच होऊ लागलं होतं.

या बाबतीत जर्मनीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1998 साली ऑडीने ‘टीटी’ ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. गोल, गुळगुळीत, बघत राहावी अशी. पण ताशी 180 किलोमीटरच्या वर अचानक लेन बदलताना किंवा जोरात वळताना तिचे अपघात होऊ लागले, माणसं गेली. 1999 च्या अखेरीस आणि 2000 च्या सुरुवातीला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. सस्पेन्शनमध्ये बदल केले, घसरणारी गाडी सावरणारी ‘ईएसपी’ ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली आणि मागे एक छोटा स्पॉयलर लावला. वेगात वाहणारी हवा अशा गाडीचा मागचा भाग उचलू पाहते. तो उचलला गेला की मागच्या टायरांची पकड सैल होते. स्पॉयलर तो जोर कमी करतो.

त्या सुंदर पाठीवर ती पट्टी थोडी उपरीच दिसते, हे मीही मान्य करते. साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे रूपाबद्दल मला आस्था आहे. तरीही ती पट्टी लावणं बरोबरच होतं असं मी म्हणेन.

दादाचं उत्तर ठरलेलं असतं: “गाडीचा दोष नाही, चालवणाऱ्याचा.” यात अर्धं सत्य आहे. रेसच्या ट्रॅकवर ड्रायव्हर वळणाची वाटच बघत असतो, त्याला चपळ गाडी हवीच. पण हायवेवर गाडी चालवणारा माणूस दमलेला असतो, बोलत असतो, दचकतो. दचकणं हा काही गुन्हा नाही. रस्त्यावरच्या गाडीने त्या दचकण्याला थोडी माफी द्यायला हवी. पुढच्या चाकांना सायकलच्या फोर्कसारखा तिरका कल मुद्दाम दिलेला असतो, तो याचसाठी, की चाकं आपणहून सरळ व्हावीत. कंपन्यांनाही दोन्ही गोष्टींची गरज कळते. 2003 च्या 5 सिरीजसाठी बीएमडब्ल्यूने असं स्टिअरिंग दिलं, जे कमी वेगात चटकन वळतं आणि वेग वाढला की संथ होतं.

संथ म्हणजे कंटाळवाणं, असं आमच्या वयाच्या मुलांना वाटतं. मला वाटतं, ज्या गाडीत मागे बसलेली मावशी निवांत डुलकी काढू शकते, ती चांगली गाडी.

दादाचं मूळचं स्टिअरिंग अजून त्यांच्या माळ्यावर आहे. तो वर चढणार असेल, तर खाली स्टूल धरायला मी तयार आहे.